थंड गाडी फक्त मालकाला दिसते

गॅरेजमध्ये पोचलेली गाडी तापलेली असते. पाच-दहा किलोमीटर चालून आलेली, ऑइल पातळ झालेलं, बॅटरी भरलेली. मेकॅनिक कितीही तयारीचा असला तरी पहाटे पहिला सेल्फ मारताना इंजिन किती वेळ नुसतं फिरतं, पहिला धूर कोणत्या रंगाचा निघतो, रात्रभरात खाली कुठे डाग पडतो, हे त्याच्या नजरेला कधी पडत नाही. ते दिसतं मालकाला. दहा-पंधरा वर्षांची पिकअप घरच्या घरी राखायची तर आपल्या हातातली सगळ्यात मोठी जमेची बाजू हीच. पण मार्केट गाठायची घाई असते. चावी फिरवायची, दोनदा रेस करायची आणि निघायचं. मग गाडी घाटात बंद पडते आणि आपण म्हणतो, "काल तर चांगली होती."

काल चांगली नव्हती. आठ दिवस सांगत होती.

हा लेख जुन्या डिझेल पिकअपबद्दल आहे. बोलेरो पिकअप, कॅम्पर, टाटा २०७, झेनॉन अशा गाड्या. कांदा-टोमॅटो, दुधाचे कॅन, खताच्या गोण्या, आंब्याच्या पेट्या वाहून थकलेल्या, पण हप्ते फिटलेले असल्याने विकवत नाहीत अशा. घरी काय करायचं आणि कशाला हात लावायचा नाही, हे आधी ठरवून टाकू. ऑइल, फिल्टर, ग्रीस, बेल्ट, होज पाइप, कूलंट, बॅटरी, वायरिंगची साफसफाई, गंज, चाकं आणि ब्रेकची पाहणी ही कामं अंगणात होतात. क्लच, गिअरबॉक्स, क्राउन-पिनियन, हेड, स्टिअरिंग बॉक्स ही होत नाहीत. झाली तरी परवडत नाहीत, कारण त्यांना लागणारे पुलर आणि मापं घरी नसतात.

आणखी एक गोष्ट बॉनेट उघडून बघून घ्या. इंजेक्टरच्या डोक्यावर वायरचा प्लग बसवलेला असेल तर इंजिन कॉमन रेलचं आहे. नुसते लोखंडी पाइप असतील तर जुन्या मेकॅनिकल पंपाचं. कॉमन रेलमध्ये डिझेलचा दाब हजार बारच्याही वर जातो. तिथे पाइपचा नट सैल करून "डिझेल येतंय का" हे बघणं म्हणजे हाताशी खेळ. त्या दाबाची बारीक धार कातडीतून आत घुसते, वरून फक्त टोचल्यासारखं दिसतं, आणि पुढे बोट कापायची वेळ येऊ शकते. अशी धार लागली तर जखम लहान दिसते म्हणून घरी थांबू नका, तडक हॉस्पिटल गाठा. जुन्या पंपाच्या गाडीवर शिकलेले काही मेकॅनिक ही सवय नव्या इंजिनावरही सोडत नाहीत; ते असं करत असतील तेव्हा तुम्ही बाजूला उभे राहा.

सकाळची पाहणी

रात्री गाडी सपाट जागेवर लावा आणि इंजिनखाली, गिअरबॉक्सखाली, मागच्या हाउसिंगखाली एकेक पुठ्ठा सरकवून ठेवा. आठवड्यातून एकदा पुरे. सकाळी पुठ्ठा काढून डाग वाचायचा. काळा आणि बोटाला तेलकट म्हणजे इंजिन ऑइल. दाट आणि गंधकासारखा उग्र वास म्हणजे गिअरचं किंवा क्राउनचं ऑइल. हिरवा, गुलाबी किंवा केशरी आणि चिकट म्हणजे कूलंट. चाकाच्या आतल्या बाजूला फिकट, पातळ, बोटावर निसरडा डाग असेल तर ते ब्रेक ऑइल. अशी गाडी त्या दिवशी बाहेर काढायची नाही. बाकीचे डाग वाट बघू शकतात, हा नाही.

मग चावी न लावता तीन गोष्टी. डिपस्टिक काढून पुसा, पुन्हा घाला, बघा. डिझेल इंजिनाचं ऑइल बदलल्यावर थोड्याच वेळात काळं पडतं, त्यामुळे रंगावरून घाबरायचं कारण नाही. घाबरायचं ते पातळीवरून. कमी होत असेल तर ते गळतंय किंवा जळतंय. वाढत असेल तर प्रकरण जास्त गंभीर आहे: ऑइलमध्ये डिझेल किंवा कूलंट उतरतंय. डिपस्टिकला डिझेलचा वास येतो का बघा, आणि ऑइल दुधाळ, ताकासारखं झालं असेल तर इंजिन चालूच करू नका.

कूलंटची पातळी थंड असतानाच खरी कळते. टाकीवर मार्कर पेनाने आजची रेघ मारून तारीख लिहा. पंधरा दिवसांनी पातळी रेघेच्या खाली गेली आणि पुठ्ठ्यावर डाग नसेल, तर पाणी इंजिनाच्या आत जातंय असा संशय घ्यायला जागा आहे.

तिसरी गोष्ट बॅटरी. दोन-तीनशे रुपयांचा डिजिटल मल्टीमीटर घेऊन ठेवा. जुन्या गाडीवर इतक्या कमी पैशांत इतकं सांगणारं दुसरं हत्यार नाही. रात्रभर उभ्या गाडीची चांगली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.४ म्हणजे पाऊण भरलेली, १२ म्हणजे जवळपास रिकामी. आता घरातल्या कुणाला सेल्फ मारायला सांगा. सेल्फ फिरत असताना आकडा दहाच्या बऱ्याच खाली कोसळला तर बॅटरी संपत आली आहे. इंजिन चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दाखवायला हवं. तेवढं येत नसेल तर अल्टरनेटर किंवा त्याचा बेल्ट बघायचा. बॅटरी बदलून उपयोग नाही. चांगली बॅटरी काढून नवी घातली आणि महिन्याभरात तीही बसली, ही गोष्ट गावोगाव घडते, आणि दोष पडतो बॅटरीवाल्याच्या माथी.

आकडे ठीक आहेत, तरीही सेल्फ जड फिरतो? मग मीटरची एक तार बॅटरीच्या निगेटिव्ह खांबाला आणि दुसरी इंजिनाच्या उघड्या लोखंडाला लावा आणि पुन्हा सेल्फ मारायला सांगा. त्या क्षणी अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं तर अर्थिंग खराब आहे. इंजिन आणि चेसिस यांच्यामधली ती चपटी विणलेली पट्टी काढा, दोन्ही टोकं आणि टेकायची जागा पॉलिश पेपरने चकचकीत करा, घट्ट बसवा, वरून ग्रीसचा हात फिरवा. जुन्या पिकअपमधले निम्मे इलेक्ट्रिक आजार इथे बरे होतात. डीम दिवे, उगाच हलणारे काटे, मंद वायपर, सगळ्याचं मूळ बऱ्याचदा हीच एक पट्टी. बॅटरीशी काम करताना निगेटिव्ह आधी काढायची आणि शेवटी लावायची, म्हणजे पाना चुकून बॉडीला लागला तरी ठिणगी उडत नाही.

आता धूर. हिवाळ्याच्या सकाळी थोडा पांढरा धूर येऊन मिनिटाभरात जाणं हे वयाचं लक्षण आहे, आजाराचं नाही. पांढरा धूर रेंगाळतो, डोळ्यांना झोंबतो, कच्च्या डिझेलचा वास येतो, तर हीटर प्लग तपासा. चार प्लगांपैकी एक-दोन गेलेले असले तरी गाडी चालू होते, पण कुरकुरत आणि एका सिलिंडरवर लंगडत. प्लगची वायर काढून मीटरच्या ओहम खुणेवर प्लगचं टोक आणि बॉडी यांच्यात मोजा; चांगला प्लग जेमतेम ओहमभर किंवा त्याहून कमी दाखवतो, मेलेला काहीच दाखवत नाही. पांढरा धूर गरम झाल्यावरही चालू, वास गोडसर आणि कूलंट कमी, तर हेड गॅसकेट. निळसर धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी, आणि यातला हवेचा भाग तुमच्या हातातला आहे. कच्च्या रस्त्यावर, ऊसतोडीच्या हंगामात चालणाऱ्या गाडीचा एअर फिल्टर पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरची वाट बघत नाही. तो उन्हात धरून बघा, प्रकाश आरपार दिसत नसेल तर बदला. टर्बो असेल तर टर्बोपासून निघणारा रबरी होज नीट हाताने दाबून, वाकवून बघा. खालच्या बाजूला फाटलेला असतो आणि वरून धड दिसतो.

डिझेलमध्ये हवा, डिझेलमध्ये पाणी

रात्री चांगली बंद केलेली गाडी सकाळी खूप वेळ सेल्फ खाते आणि एकदा चालू झाली की दिवसभर तक्रार नाही, हा जुन्या पिकअपचा नेहमीचा आजार. बहुतेक वेळा टाकीकडून येणाऱ्या पाइपवर कुठेतरी बारीक जागा झालेली असते. तिथून डिझेल गळत नाही, पण रात्रभरात हवा आत शिरते आणि लाइनमधलं डिझेल टाकीकडे परत उतरतं.

याची परीक्षा फुकट होते. एक रात्र गाडी उतारावर तोंड खाली करून लावा, म्हणजे टाकी इंजिनापेक्षा वर राहील. हँडब्रेक, गिअर आणि चाकांपुढे मोठे दगड, तिन्ही हवेत. दुसऱ्या रात्री तोंड वर करून लावा. तोंड खाली असताना पटकन चालू झाली आणि वर असताना रडली, तर पंप आणि इंजेक्टर निर्दोष आहेत. दोष पाइपाचा, क्लिपचा किंवा फिल्टरच्या रबरी रिंगचा आहे. ही परीक्षा न करता पंप उतरवून दुरुस्तीला पाठवणारे लोक कमी नाहीत.

पाइप बदलल्यावर किंवा फिल्टर काढल्यावर हवा काढावी लागते. मेकॅनिकल पंपाच्या गाडीत फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करायचा आणि हँड प्रायमर दाबत राहायचं. आधी फेस येतो, मग बुडबुडे, मग अखंड डिझेल. अखंड धार येत असतानाच, प्रायमर दाबलेला ठेवून, स्क्रू आवळायचा. सोडून आवळला तर पुन्हा घोटभर हवा आत जाते. खाली कापड धरा, कारण डिझेल रबरी होजवर सांडून राहिलं तर होज मऊ पडून फुगतो.

पाण्यासाठी फिल्टरच्या तळाशी ड्रेन असतो. पावसाळ्यात दर पंधरवड्याला काचेच्या बरणीत कपभर डिझेल सोडा आणि बरणी पाच मिनिटं टेकवून ठेवा. तळाशी वेगळा थर दिसला तर ते पाणी. टाकी कायम पाव भरलेली ठेवण्याची सवय हे त्याचं एक कारण: रिकाम्या जागेतल्या दमट हवेचं रात्री पाणी होतं. शक्य असेल तेव्हा रात्री टाकी भरलेली असावी.

खाली शिरताना

इथे जरा थांबा. जॅक गाडी उचलण्यासाठी आहे, तोलून धरण्यासाठी नाही. जॅकवर उभ्या गाडीखाली डोकं, छाती, काहीही घालायचं नाही. तीन टनांचे दोन स्टँड विकत घ्या, त्यापेक्षा महत्त्वाची खरेदी या लेखात दुसरी नाही. विटा फुटतात, सिमेंटचे ब्लॉक तर सांगून फुटत नाहीत. मातीच्या अंगणात जॅकखाली जाड लाकडी फळी हवी. आणि हँडब्रेक मागच्या चाकांवर चालतो, हे विसरू नका: मागचं चाक उचललं की हँडब्रेकचा भरवसा गेला. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय मागची बाजू उचलायची नाही.

खाली गेल्यावर पहिलं काम ग्रीसचं. प्रोपेलर शाफ्टचे क्रॉस, शॅकल पिन, किंग पिन किंवा बॉल जॉइंट, जिथे जिथे निप्पल आहे तिथे. निप्पल आधी कापडाने पुसा, नाहीतर गनचा दाब बाहेरचा चिखलच आत ढकलतो. जुनं काळं ग्रीस बाहेर येऊन नवं दिसेपर्यंत मारायचं. क्रॉसच्या चारपैकी एका टोपीतून ग्रीस बाहेर येत नसेल तर तिथली सुई-बेअरिंग कोरडी आहे. क्लच सोडताना मागून 'कट्' आवाज येतो तो बऱ्याचदा तिचाच. शाफ्ट हाताने दोन्ही बाजूंना पिळून बघा. क्रॉसमध्ये हलकीशी ढील हाताला लागली तरी क्रॉस बदला. चालत्या गाडीत पुढचा क्रॉस तुटला तर शाफ्ट रस्त्यात रुतू शकतो.

मग चाक. पुढचं चाक उचलून वर-खाली धरून हलवा, नंतर डावीकडे-उजवीकडे. वर-खाली धरून खेळ लागला तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. फक्त डावी-उजवीकडे लागला तर टाय रॉड एंड. शेजाऱ्याला चाक हलवायला सांगून स्वतः जॉइंटवर बोट ठेवलं की कोणता सांधा हलतोय ते बोटालाच कळतं. टायरच्या बाजूवर चार अंकी तारीख असते; २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक आहे म्हणून टायर चांगला, असं नसतं. बाजूला बारीक भेगा पडलेला म्हातारा टायर उन्हाळ्यात लोड घेऊन फुटतो. चाक बसवताना नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा पाना लावा.

आता एका लहानशा वस्तूबद्दल सविस्तर लिहायचं आहे, कारण तिच्यापायी लोकांचे फार पैसे जातात. मागच्या हाउसिंगच्या वरच्या अंगाला, बोटाच्या पेराएवढी, वर सैल टोपी असलेली एक पुंगळी असते. काही गाड्यांत तिथून एक रबरी नळी वर चेसिसकडे जाते. हा ब्रीदर. गाडी चालली की हाउसिंग तापतं, आतली हवा फुगते आणि ब्रीदरमधून बाहेर पडते. शेतातला चिखल, उसाचा पाचोळा आणि ऑइलची धूळ मिळून तो बुजला, की हवेला वाट राहत नाही. मग ती ऑइलला ढकलते आणि ऑइल दोन्ही टोकांच्या सीलमधून चाकाच्या ड्रममध्ये उतरतं. लायनर ऑइलने भिजतात, ब्रेक मारला की गाडी एका बाजूला ओढते. गॅरेजमध्ये सील बदलून मिळतं, लायनर बदलून मिळतात, आणि चार महिन्यांनी तेच. सीलचा दोष नसतोच. ब्रीदर पान्याने काढा, डिझेलमध्ये धुवा, तोंडाने नव्हे तर पंपाने फुंकर मारा, टोपी बोटाने फिरते का बघा, परत बसवा. दहा मिनिटांचं काम, खर्च शून्य.

पाट्यांबद्दल माझं मत बऱ्याच चालकांना पटणार नाही. लोड जास्त घ्यायचा म्हणून मागे दोन पाटे वाढवून घेणं ही आपल्याकडची रीतच झाली आहे. पाटे वाढवल्याने चेसिसची, ॲक्सलची किंवा ब्रेकची ताकद तसूभरही वाढत नाही; फक्त हौदा खाली बसत नाही, त्यामुळे लोड जास्त झाल्याचं दिसत नाही. त्यात आणखी एक मेख आहे. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलपासून एक दांडा वर चेसिसवरच्या व्हॉल्व्हला जातो. हौदा किती बसला यावरून तो व्हॉल्व्ह मागच्या ब्रेकला किती दाब द्यायचा ते ठरवतो: रिकामी गाडी तर कमी, भरलेली तर जास्त. पाटे वाढवलेली गाडी भरली तरी बसत नाही, व्हॉल्व्हला ती रिकामीच वाटते आणि ऐन लोडमध्ये मागचा ब्रेक कमी मिळतो. कसारा किंवा वरंधा उतरताना हे लक्षात येऊन उपयोग नसतो. तो दांडा गंजून अडकलेला आहे का, एवढं मात्र घरी नक्की बघा.

यू-बोल्ट सैल आहेत का, कुठला पाटा तुटून बाजूला सरकला आहे का, तेही याच वेळी. तुटलेला पाटा बऱ्याचदा मधल्या बोल्टजवळ तुटतो आणि मातीखाली झाकला जातो. आधी वायर ब्रशने घासा, मग बघा.

ब्रेक

दर लांबच्या फेरीनंतर उतरून चारही चाकांच्या मध्याजवळ हात न्या, लगेच टेकवू नका. तीन सारखे कोमट आणि एक भाजणारं असेल तर तिथला ब्रेक अडकतोय किंवा बेअरिंग जातंय. एक अगदीच थंड असेल तर तिथला ब्रेक लागतच नाही.

ड्रम उघडल्यावर आतली धूळ कंप्रेसरने उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो आणि तो फुप्फुसात गेला की परत येत नाही. ओल्या फडक्याने पुसा, फडकं पिशवीत बांधून टाका. व्हील सिलिंडरचं रबर बोटाने जरा उचला. आत ओल दिसली तर सिलिंडर गेला. लायनर एका बाजूला बदलायचे असतील तर त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या बाजूलाही बदला, नाहीतर गाडी ओढणारच.

ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषून घेतं. कोरड्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस आणि डॉट ४ चा २३० असावा लागतो; पाणी शोषल्यावर ते अनुक्रमे १४० आणि १५५ पर्यंत उतरलेलं चालतं, असं मानक आहे. जुनं ऑइल घेऊन घाट उतरताना सिलिंडरमध्ये वाफ झाली की पेडल फरशीला टेकतं. म्हणून दोन वर्षांनी बदल. झाकणावर लिहिलेलाच ग्रेड घाला, सीलबंद बाटलीतला. वर्षभर उघडी पडलेली अर्धी बाटली नको. आणि ऑइल संपलं म्हणून वेळेला इंजिन ऑइल ओतणाऱ्यांना विनंती अशी की त्यापेक्षा गाडी उभी करा. इंजिन ऑइलने ब्रेकची सगळी रबरं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकापर्यंत सारं बदलावं लागतं.

हवा काढायला दोन माणसं लागतात. मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबचं चाक आधी: उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा डावं मागचं, मग उजवं मागचं, मग डावं पुढचं, शेवटी उजवं पुढचं. निप्पलला पारदर्शक नळी, नळीचं दुसरं टोक बाटलीतल्या ऑइलात बुडवलेलं. पेडल सावकाश दाबून धरायचं, निप्पल उघडायचं, बंद करायचं, मगच पेडल सोडायचं. वरची टाकी मधेच रिकामी झाली तर सगळं पहिल्यापासून. शेवटी इंजिन चालू करून पेडल जोरात अर्धा मिनिट दाबून धरा. ते हळूहळू खाली जात असेल आणि बाहेर कुठेही गळती नसेल, तर मास्टर सिलिंडर आतून गळतोय. ही परीक्षा नापास झालेली गाडी टोचन करूनच गॅरेजला न्यायची.

थर्मोस्टॅट काढू नका

एप्रिल-मेमध्ये गाडी तापायला लागली की सल्ला मिळतो, "थर्मोस्टॅट काढून टाका, गाडी थंड राहील." राहते, जास्तच थंड राहते. साधारण ८० ते ९० अंशांवर चालण्यासाठी बनवलेलं इंजिन त्याहून थंड चाललं तर डिझेल नीट जळत नाही, ॲव्हरेज पडतं, न जळलेलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आणि लायनर-पिस्टन लवकर झिजतात. तापण्याचं मूळ कारण तसंच राहतं ते वेगळंच. मूळ कारण बहुतेक वेळा रेडिएटरमध्ये असतं: बाहेरून पाचोळा आणि किडे, आतून बोअरच्या जड पाण्याचा क्षार. बाहेरची बाजू इंजिनाकडून पुढच्या दिशेला, बागेच्या नळीच्या हलक्या धारेने धुवा. प्रेशर वॉशरने पातळ पत्र्या दुमडतात.

आतमध्ये कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं-निम्मं. गरम असताना झाकण उघडायचं नाही, हे सगळ्यांना माहीत आहे आणि घाईत सगळेच विसरतात. दाबाखालचं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळलेलं नसतं, झाकण सुटताच ते एकदम उकळून तोंडावर येतं. सांडलेलं कूलंट गोड लागतं आणि विषारी असतं. अंगणात कुत्रा, मांजर, लहान मूल असेल तर तिथल्या तिथे धुऊन काढा.

थर्मोस्टॅट खराब आहे का ते चुलीवर कळतं. पातेल्यात दोरीला टांगून पाणी तापवा. उकळी यायच्या आत तोंड उघडलं आणि थंड झाल्यावर मिटलं तर तो चांगला आहे. पातेलं मात्र स्वयंपाकातलं नको.

ऑइल बदलताना

यात सांगण्यासारखं नवं थोडंच. ग्रेड मॅन्युअलमधला, जुन्या पिकअपच्या इंजिनांना सहसा १५ डब्ल्यू ४० सांगितलेलं असतं. इंजिन कोमट असताना काढा. जुना फिल्टर काढल्यावर त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत निघाली का, हे नक्की बघा. ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि तिच्यावर नवा फिल्टर बसला, तर काही किलोमीटरमध्ये सगळं ऑइल रस्त्यावर. नव्या रिंगला ऑइलचं बोट फिरवा, हाताने टेकेपर्यंत आणि मग पाऊण फेरा, बस. पाना लावायचा नाही. काढलेलं ऑइल गटारात किंवा विहिरीजवळ ओतायचं नाही, चुलीत तर मुळीच नाही; कॅनमध्ये साठवून जुनं ऑइल गोळा करणाऱ्या गॅरेजला द्या.

गंजलेला बोल्ट निघत नसेल तर जोर लावण्याआधी आदल्या संध्याकाळी गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा, सकाळी पुन्हा मारा. मग आधी किंचित आवळा आणि नंतर सोडवा. बोल्टचे कोपरे खाणाऱ्या बारा टोकी रिंग पान्यापेक्षा सहा टोकी गोटी पाना घ्या. वेळ आपल्याकडे असतो, गॅरेजमध्ये नसतो. तुटलेले बोल्ट बहुतेक घाईने तुटतात.

फ्यूज उडाला तर त्याच अँपिअरचा फ्यूज. तारेचा तुकडा किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी लावली की दिवे लागतात आणि कधीतरी गाडीही पेटते. फ्यूज पुन्हा पुन्हा उडत असेल तर नंतर बसवलेल्या गोष्टींच्या वायरी आधी शोधा: टेप, जास्तीचे दिवे, म्युझिकल हॉर्न. डॅशबोर्डखाली इन्सुलेशन टेपने गुंडाळलेले जोड दिसतील. तिथेच सापडेल.

हौदा आणि गंज

कोणता माल वाहिला यावर गंज ठरतो. पोटॅशची गोणी फुटली आणि तसंच राहिलं तर त्यातला क्लोराइड पत्रा खातो. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी त्याहून वाईट, कोकणातल्या जुन्या पिकअपचे हौदे बघितलेत तर कळेल. असा माल उतरवल्यावर त्याच दिवशी भरपूर गोड्या पाण्याने हौदा आणि खालून चेसिस, दोन्ही धुवा. हौद्याच्या तळाला पाणी जायची भोकं असतात. माती आणि कांद्याच्या सालींनी ती बुजतात. तारेने मोकळी करा. हौद्यात अंथरलेली रबरी मॅट महिन्यातून एकदा उचलाच, कारण पाणी तिच्याखाली साठतं आणि गंज तिथून सुरू होतो. फाळक्याच्या बिजागऱ्यांना आणि साखळीला ग्रीसपेक्षा पातळ ऑइल बरं, ग्रीसला धूळ चिकटून त्याची पेस्ट होते.

रंगासाठी: वायर ब्रश, मग पॉलिश पेपर, पूर्ण कोरडं, मग रेड ऑक्साइड, मग रंग. पावसाळ्याच्या तोंडावर नव्हे, फेब्रुवारी-मार्चमध्ये. गंजावर थेट काळं ऑइल किंवा डांबर फासलं तर तो दिसेनासा होतो, थांबत नाही.

सामान आणि गॅरेज

सुटा भाग आणायला जाताना जुना नमुना पिशवीत, आणि चेसिस नंबर व इंजिन नंबर कागदावर. एकाच नावाच्या पिकअपमध्ये वेगवेगळ्या वर्षी वेगळं इंजिन, वेगळा क्लच आलेला असतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड अशा ठिकाणी जुना-नवा भाग बहुतेक मिळतो. तिथून पत्रा, काच, आरसा, फाळका जुना घ्यायला हरकत नाही. ब्रेकचं सामान, टाय रॉड एंड, बेअरिंग, रबरी होज यांत जुनं किंवा स्वस्त नक्कल घ्यायची नाही. तिथे वाचवलेले दोनशे रुपये घाटात वसूल होतात.

गॅरेजला गाडी देताना "काहीतरी आवाज येतोय" एवढंच सांगितलं तर अंदाजाने भाग बदलले जातात, आणि अंदाजाचं बिल तुमचं. त्याऐवजी सकाळच्या पाहणीतलं लिहून द्या: थंड असताना की गरम झाल्यावर, कोणत्या गिअरला, क्लच दाबला की बंद होतो का, लोड असताना की रिकामी. एका वेळी एकच गोष्ट बदलायला सांगा आणि काढलेला भाग परत मागून घ्या. चांगला मेकॅनिक यावर चिडत नाही.

कागदपत्रांचंही वेळापत्रक आहे. मालवाहू गाडीचा फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी लागतो. बीएस-३ किंवा त्याआधीच्या गाडीची पीयूसी सहा महिन्यांची, बीएस-४ पासून पुढे वर्षाची. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला उच्च सुरक्षा नंबर प्लेट बसवून घ्यावी लागते. फिटनेसला जाण्याआधी महिनाभर दिवे, इंडिकेटर, हॉर्न, वायपर, रिफ्लेक्टर बघून घ्या. गाड्या परत पाठवल्या जातात त्या बऱ्याचदा अशाच किरकोळ कारणांनी.

शेवटी, मोठा खर्च करण्याआधीची एक परीक्षा. इंजिन डाउन करायचा सल्ला मिळाला असेल तर होकार देण्यापूर्वी गाडीखाली जा आणि मागच्या पाट्यांचे हँगर चेसिसला जिथे जोडले आहेत, कॅबिनच्या मागे चेसिस जिथे वळते, आणि स्टिअरिंग बॉक्स जिथे बोल्टने बसवला आहे, त्या जागा वायर ब्रशने साफ करा. जाड पेचकसाचं टोक तिथे जोरात दाबा, हातोडीने ठोका. टणक खणखणीत आवाज आला तर इंजिनावर पैसे घाला. आवाज बद्द आला, पापुद्रे सुटले किंवा टोक आत गेलं, तर इंजिन कितीही चांगलं बनवलं तरी ते बसवायला जागा उरलेली नाही; वर पत्र्याचा तुकडा वेल्ड करून लोड वाहू नका, त्या पैशात दुसरी गाडी बघा. हे करताना चेसिसवर कोरलेला नंबर सापडेल. त्यावर मात्र ब्रश किंवा पॉलिश पेपर चालवू नका. डिझेलच्या फडक्याने पुसा, अक्षरं स्पष्ट दिसली की पातळ ग्रीसचा हात द्या. फिटनेसला आणि गाडी विकताना तो वाचता यावा लागतो.